रत्नागिरीचा राजबंदी, मंडालेचा सातू : मधुमेह आणि स्वतःच पाळायच्या पथ्याचा इतिहास

१/१९
नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेच्या राजवाड्यातून पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. तो पुन्हा मायदेशी गेला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा अंत रत्नागिरीतच झाला. मधल्या काळात बरोबर उलटा प्रवासही घडला. रत्नागिरीत जन्मलेल्या एका संपादकाला सरकारने १९०८ मध्ये मंडालेस पाठवले आणि थिबाच्या जुन्या राजवाड्याच्याच तटबंदीत असलेल्या तुरुंगात ठेवले. तो संपादक म्हणजे बाळ गंगाधर टिळक. या हद्दपारीचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. हा धागा टिळकांबरोबर मंडालेला गेलेल्या एका सोबत्याविषयी आहे. त्या सोबत्याचे नाव मधुमेह.

२/१९
टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरी शहरातला. मूळ घराणे दापोली तालुक्यातील चिखलगावचे. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाली तेव्हा, १८६६ मध्ये, हे कुटुंब पुण्यास आले. बाळ प्रकृतीने किरकोळ होता. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्याने पहिले वर्ष अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालवले ही हकीकत जवळजवळ प्रत्येक चरित्रात येते. तालीम, पोहणे, भरपूर खाणे, भरपूर पचवणे. पुढे ‘केसरी’चे अग्रलेख, कायद्याचे वर्ग, खटले आणि सभा यांनी भरलेले आयुष्य त्या एका वर्षाच्या पुंजीवर चालले, असे चरित्रकार सांगतात. परंतु तालमीतले शरीर आणि लेखनाच्या बैठकीवरचे शरीर यांत तीस वर्षांचे अंतर होते. पन्नाशी ओलांडता ओलांडता मधुमेह जडलेला होता.

३/१९
त्या काळी हा आजार अशाच माणसांचा मानला जाई. १९०७ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत ‘उष्ण कटिबंधातील मधुमेह’ या विषयावर स्वतंत्र चर्चा झाली. हिंदुस्थानात काम केलेल्या डॉक्टरांनी रुग्णाचे जे चित्र रंगवले ते ठरावीक होते : शिकलेला, शहरी, बैठे काम करणारा पुरुष. वकील, न्यायाधीश, कारकून, विशेषतः बंगालचा ‘बाबू’. या निरीक्षणात तथ्य होते आणि पूर्वग्रहही होता. डॉक्टरांपुढे येत ती माणसेच मुळी या वर्गातली. शेतकऱ्याची लघवी कोण तपासत होते? स्त्रिया तर या चित्रात जवळजवळ नव्हत्याच. तरीही एक गोष्ट नोंदली गेली, ती अशी की हा आजार केवळ नशिबाने येत नाही, जगण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध आहे.

४/१९
हा संबंध आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल, खादाड, अंथरुणावर लोळणारा. आजच्या पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी ही विभागणी तंतोतंत जुळत नाही. पण निरीक्षणाची नजर चकित करणारी आहे. याहून चकित करणारे आहेत ते उपचार. सधन रोग्याने कुस्ती, घोडेस्वारी, चालणे असा व्यायाम करावा. निर्धनाने पायताण आणि छत्री न घेता शंभर योजने चालत जावे, मुनीसारखे राहून सावा आणि रानभात यांवर गुजराण करावी, नाहीतर जमीन कसावी, विहीर खणावी. औषधाची पुडी येथे दुय्यम आहे. मुख्य औषध रोग्याने स्वतःच करायचे आहे.

५/१९
चरकसंहितेचा भर धान्यावर आहे. प्रमेही माणसाच्या आहारात सर्वांत वरचे स्थान तिने यवाला दिले. यव म्हणजे जव, म्हणजेच मराठी घरातला सातू. सातूत विद्राव्य तंतू भरपूर असतात. ते पोटात दाट, बुळबुळीत रूप घेतात आणि त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. चरकाच्या काळी हे कारण कोणाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. पण भात खाणारा प्रमेही आणि सातू खाणारा प्रमेही यांच्यातील फरक वैद्यांच्या लक्षात आला असावा. हे धान्य लक्षात ठेवावे, कारण पुढे मंडालेच्या तुरुंगात तेच भेटणार आहे.

६/१९
एकोणिसाव्या शतकातील युरोपही त्याच निष्कर्षाकडे येत होता, मात्र वेगळ्या वाटेने. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याला दिसले की उपासमारीच्या त्या दिवसांत त्याच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. त्याने शिकवण दिली ती साधी होती : शक्य तितके कमी खा, आणि घाम गाळा. यातला एक बारकावा विसरता कामा नये. पॅरिसच्या रुग्णांनी संयम दाखवला नव्हता; त्यांच्यापुढे अन्नच नव्हते. वेढा उठला, बाजार भरले, आणि निवड पुन्हा रुग्णाच्या हाती आली. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

७/१९
आता पुन्हा टिळकांकडे. २२ जुलै १९०८ च्या रात्री, वयाला बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. पुढे सरकारने ती साध्या कैदेत बदलली आणि साबरमतीमार्गे त्यांना मंडालेस नेले. इन्शुलिन अजून तेरा-चौदा वर्षे दूर होते. मधुमेह झालेल्या पन्नाशीच्या माणसाला सहा वर्षांची कैद म्हणजे काय, हे त्या वेळच्या कोणाही डॉक्टरला सांगावे लागले नसते. साधी जखम चिघळणे, क्षय जडणे, डोळे अधू होणे, बेशुद्धी येऊन मरण येणे : शेवट यांपैकी कशानेही होऊ शकला असता. मंडालेची हवाही कडक, उन्हाळा असह्य आणि राहण्याची जागा लाकडी फळ्यांची.

८/१९
मंडालेत टिळकांनी आहार बदलला. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या या माणसाने भात आणि गहू बाजूला सारून सातूच्या पिठाची कास धरली. त्यासाठी तुरुंगाच्या डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची परवानगी लागे. कैद्याला आपले धान्य आपण ठरवता येत नसे. साखर कमी-जास्त झाली हे कळण्याचा मार्गही तेव्हा ढोबळ होता. रक्तातील साखर सहज मोजता येत नसे. लघवी फेहलिंगच्या निळ्या द्रावणात घालून उकळायची. साखर असेल तर निळा रंग जाऊन विटकरी साका खाली बसे. अशा साधनांवर सहा वर्षे काढायची होती.

९/१९
ती त्यांनी काढली. नुसती काढली नाहीत, तर १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत ‘गीतारहस्य’चा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला, पाली शिकले, जर्मन आणि फ्रेंच ग्रंथ वाचण्याइतकी तयारी केली. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची बातमी त्यांना त्याच कोठडीत मिळाली. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या याद्या आहेत, खटल्यांच्या सूचना आहेत आणि प्रकृतीची वार्ताही आहे. जून १९१४ मध्ये सत्तावन्न वर्षांचे टिळक पुण्यात परतले. इन्शुलिनविना इतकी वर्षे टिकणारा आजार आजच्या वर्गीकरणात दुसऱ्या प्रकारचाच मधुमेह ठरला असता.

१०/१९
या कथेचे नेहमीचे तात्पर्य तयार असते : टिळकांचा निग्रह लोखंडी होता. निग्रह होताच. पण त्या निग्रहाभोवती काय उभे होते तेही पाहिले पाहिजे. जेवणाच्या वेळा तुरुंगाच्या घड्याळाने बांधलेल्या. मेजवानी नाही, पानसुपारी नाही, आग्रहाने वाढणारी यजमानीण नाही. ताटात काय येणार हे आधीच ठरलेले. प्रकृती तपासायला सरकारी डॉक्टर. आणि स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी, जो स्वतःही शिक्षाच भोगत होता. टिळकांच्या मंडालेतील दिनक्रमाविषयी जे घरगुती तपशील आज उपलब्ध आहेत, त्यांतला मोठा भाग या स्वयंपाक्याच्या आठवणींतून आलेला आहे. पॅरिसच्या वेढ्याप्रमाणेच येथेही भिंती होत्या. त्या भिंतींनी छळ केला. त्यांनीच पथ्यही सोपे केले.

११/१९
सुटकेनंतर भिंती गेल्या. होमरूल लीग, गावोगावचे दौरे, १९१६ मध्ये एकसष्टीनिमित्त अर्पण झालेली एक लाख रुपयांची थैली, लखनौ काँग्रेस, चिरोल खटल्यासाठी १९१८-१९ मधील इंग्लंडचा मुक्काम. रोज नवे गाव, नवी पंगत, नव्या वेळा. लोकनेत्याचे ताट त्याच्या स्वतःच्या हाती उरत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात ताप आणि न्यूमोनिया यांनी त्यांचा अंत झाला. वय चौसष्ट. मधुमेह हे त्या मृत्यूचे थेट कारण म्हणून मांडणे चुकीचे होईल. मात्र संसर्गाशी झुंजण्याची शरीराची शक्ती हा आजार कमी करतो, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनची पहिली मात्रा एका मुलाला टोचली गेली. टिळकांच्या मृत्यूनंतर दीडच वर्षाने.

१२/१९
इन्शुलिन येत असतानाच आणखी एक कल्पना जन्माला आली, जिच्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. बोस्टनचे डॉक्टर एलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्ये मधुमेहाची एक पुस्तिका काढली होती. ती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनीही वापरावी अशी योजना होती. रुग्णाने आपले अन्न तोलावे, लघवी तपासावी, वही ठेवावी. १९२१ मध्ये त्यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर लेख लिहिला. एका खेड्यातल्या लागून असलेल्या तीन घरांत राहायला आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने गेले होते. हे मृत्यू विषमज्वराने झाले असते तर सरकारी आरोग्यखाते धावून आले असते, मग येथे कोणीच का हलले नाही, असा त्यांचा सवाल होता. रुग्णाकडून ‘अजून रुग्ण न झालेल्या’ माणसाकडे नजर वळली ती येथे.

१३/१९
या सवालाला पुराव्याने उत्तर द्यायला साठ-सत्तर वर्षे लागली. १९८६ मध्ये चीनमधील दाछिंग शहरात साखर वाढू लागलेल्या ५७७ जणांवर आहार आणि व्यायाम यांचा सहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला. २००१ मध्ये फिनलंडचे आणि २००२ मध्ये अमेरिकेचे निष्कर्ष आले. अमेरिकेच्या चाचणीत ३,२३४ लोक होते. उद्दिष्ट होते वजन ७ टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. ताटाने आणि पायांनी गोळीला मागे टाकले होते. सुश्रुताच्या शंभर योजनांना आकडा मिळाला. पण त्या ५८ टक्क्यांमागे प्रत्येक व्यक्तीसाठी नेमलेला प्रशिक्षक आणि सोळा पाठांचा अभ्यासक्रम होता, हे सांगायचे अनेकदा राहून जाते.

१४/१९
भारतीय शरीराचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि त्यावरचे मोठे संशोधन पुण्यात झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय पुरुष काट्यावर बारीक आणि आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटवले. त्याचे एक मूळ आईच्या गर्भात, तिच्या कुपोषणात आहे, असे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतील दीर्घ अभ्यासातून पुढे आले. रत्नागिरी जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा असाच अभ्यास हाती घेतला आहे.

१५/१९
कोकणाला हे विशेष लागू पडते. येथला पुरुष पिढ्यानपिढ्या काटक. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खाचरात भात, आणि घरापासून शेतापर्यंत सारी चढण. मग चाकरमानी मुंबईला गेला : आधी गिरणीत उभा राहिला, पुढची पिढी कचेरीत खुर्चीवर बसली. नाचणीची भाकरी मागे पडली, भात राहिला. पोट थोडे सुटले तरी ‘अंगावर मूठभर मांस चढले’ असे कौतुकच झाले. अशा माणसाला आपण स्थूल आहोत असे वाटतच नाही, आणि डॉक्टरकडे जायचे तर काहीतरी दुखावे लागते. वाढत्या साखरेत वर्षानुवर्षे काहीही दुखत नाही. या वयाच्या पुरुषांपर्यंत सल्ला पोहोचवावा तरी कसा?

१६/१९
त्याचे एक उत्तर दक्षिण भारतात शोधले गेले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये दाखवून दिले होते की ५३१ भारतीयांच्या चाचणीत जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मात्र प्रत्यक्ष समुपदेशनाला माणसे आणि पैसा लागतो. म्हणून पुढची चाचणी त्यांनी फक्त पुरुषांवर, तीही मोबाइलच्या आधारे केली. ३५ ते ५५ वयाचे, साखर वाढू लागलेले ५३७ नोकरदार पुरुष. सुरुवातीचा आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांना सारखा. त्यानंतर अर्ध्यांना काही नाही. उरलेल्यांना नियमित लघुसंदेश. दोन वर्षांनी पहिल्या गटातील २७ टक्के मधुमेही झाले होते, दुसऱ्यातील १८ टक्के. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

१७/१९
या आकड्यांपाशी क्षणभर थांबायला हवे. दोन्ही गटांना काय खावे हे सारखेच ठाऊक होते. ज्ञान समान, वय समान, शरीरे समान. फरक इतकाच की एका गटाला कोणीतरी आठवण करून देत होते. टिळकांच्या भोवती जे काम तुरुंगाचे घड्याळ, डॉक्टर आणि कुलकर्णी करत होते, त्याचा एक बारीकसा अंश खिशातल्या फोनने केला. तेवढ्यानेही शंभरात नऊ पुरुषांचे भवितव्य दोन वर्षांपुरते बदलले. ‘स्वतःच पाळायचे पथ्य’ या शब्दांतला ‘स्वतःच’ हा भाग किती सापेक्ष आहे, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

१८/१९
महाराष्ट्राने आपला मार्ग याच सुमारास काढला. अनेक पदव्यांमुळे दंतकथा बनलेले नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेला विचार लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आधी स्वतःवर आजमावला आणि मग गावोगाव सांगितला : कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, रोज ४५ मिनिटे चाला. त्यावर टीकाही झाली. एकच नियम सर्वांना कसा लागू पडेल, असे आहारतज्ज्ञांनी विचारले. इन्शुलिन किंवा साखर घटवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने आपल्या मनाने जेवण वगळणे धोक्याचे असते, हेही खरे आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय ते वेगळेच. आधी रक्ततपासणी, मग व्हॉट्सअॅप गटात प्रवेश, तेथे शंकानिरसन. नियम दोन ओळींचा. त्याला टिकवून धरणारा आधार हजारो लोकांचा.

१९/१९
दोन हजार वर्षांत उपदेश फारसा बदललेला नाही : कमी खा, भरड धान्य खा, चाला. बदलत गेला तो आधार. सुश्रुताच्या निर्धन रोग्याला रस्ता होता, पॅरिसकरांना वेढा, टिळकांना तुरुंग, चेन्नईच्या नोकरदाराला संदेश, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला गट. पथ्य मोडणाऱ्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणे सोपे असते. त्याच्या आयुष्यात आठवण करून देणारे कोण आहे हे विचारणे अवघड, पण इतिहास तेच विचारायला सांगतो. रत्नागिरीत आज टिळकांचे जन्मस्थान आणि थिबाचा राजवाडा एकाच दिवसात पाहून होतात. दोन्ही ठिकाणी हद्दपारीची कथा सांगितली जाते. ती ऐकताना मंडालेच्या चुलीपाशी सातूचे पीठ मळणारा तो कैदीही आठवावा. त्याचे नाव टिळकचरित्रांत सापडते. मधुमेहाच्या इतिहासातही त्याला दोन ओळींची जागा असायला हरकत नाही.